पाठीवरची रेघ: मोगली एरंडावरचा एक किडा आणि डिफ्यूज केलेला फ्लॅश

"मामा, हा भुंगेरा आहे की ढेकूण? तुझ्या फोटोत नेमकी मधली रेघच जळलीय."

भाच्याच्या या मेसेजपासून प्रकरण सुरू झालं. तो प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आदल्या सकाळी मी त्याला सावंतवाडीजवळच्या आमच्या घराच्या वईवर, म्हणजे झाडांच्या कुंपणावर, काढलेले सहा फोटो पाठवले होते. वई मोगली एरंडाची, श्रावणातली, हिरव्या फळांनी लगडलेली. एका घोसावर हिरवा-निळा, धातूसारखा चमकणारा, काळ्या ठिपक्यांचा एक किडा बसला होता. लांबी अंदाजे 13 मिमी, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठा. डोळ्यांना तो दागिन्यासारखा दिसत होता, आणि फोटोत मात्र काळ्या चिंचोक्यावर ट्यूबलाइटचा पट्टा पडावा तसा.

भाच्याचा प्रश्न रास्त होता. भुंगेऱ्याचे पुढचे दोन पंख कडक होऊन त्यांची झाकणं बनलेली असतात आणि ती पाठीच्या बरोबर मध्यावर सरळ रेषेत मिटतात. ढेकूण गटात, म्हणजे हेमिप्टेरात, स्क्युटेलरिडी नावाचं एक कुळ आहे. इंग्रजीत त्यांना ज्वेल बग म्हणतात. यांच्या छातीवरून निघालेली एक ढाल मागे वाढत जाऊन पंखांसकट सगळं पोट झाकते. ढाल अखंड असते, मध्ये शिवण नसते. म्हणजे वरून बघताना प्रश्न एवढाच उरतो की मध्यावर रेघ आहे की नाही. आणि माझ्या सहाही फोटोंत त्या रेघेच्या जागी जास्तीच्या प्रकाशाने जळलेला पांढरा पट्टा होता.

आधी सामान सांगतो, कारण पुढचे आकडे त्याच्याशी बांधलेले आहेत. कॅमेरा निकॉन डी7500, सेन्सर साधारण 23.5 × 15.7 मिमी. लेन्स 105 मिमीची मायक्रो. ती 1:1 वर, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराचा उमटेल अशी, असते तेव्हा सेन्सरपासून किड्यापर्यंत 31 सेंटिमीटर आणि लेन्सच्या तोंडापासून जेमतेम 15. फ्लॅश एसबी-700, कॅमेऱ्याच्या डोक्यावर. शटर 1/200, आयएसओ 200, अ‍ॅपर्चर एफ/16. निकॉनच्या कॅमेऱ्यात जवळून फोटो काढताना पडद्यावर दिसणारा एफ-आकडा जवळिकीमुळे घटलेला प्रकाश धरून आलेला असतो. कॅननवाल्यांनी माझे आकडे जसेच्या तसे उचलले तर हिशोब चुकेल. 1:1 वर, एफ/16 ला, मला मिळणारी फोकसची जाडी, म्हणजे जेवढा थर स्पष्ट येतो तो, अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. किड्याच्या पाठीचा घुमट त्याच्या कितीतरी पट उंच.

पहिल्या सहा फोटोंत फ्लॅश उघडा होता, ताकद पूर्णच्या 1/32. प्रकाश भरपूर आणि फोकस ठीक होता. तरीही किडा काळा आणि पट्टा पांढरा.

त्याच वईच्या पलीकडे भेंडीवर कपाशीचे लाल ढेकूण होते. त्याच सेटिंगवर, तोच उघडा फ्लॅश त्यांच्यावर मारला, तर फोटो बरा आला. पाठीवर दोन-चार पांढरे टिपके होते, पण लाल रंग सगळीकडे लाल दिसत होता. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तेव्हा डोक्यात दिवा पेटला. त्या आधी मीही "फ्लॅश कडक आहे, मऊ करायला हवा" एवढंच म्हणत बसलो असतो.

लाल ढेकणाचा रंग हा रंगद्रव्याचा. प्रकाश त्यात शिरतो, विखुरतो आणि सगळ्या दिशांना लाल होऊन बाहेर पडतो. दिवा छोटा असला तरी लाल दिसायचं थांबत नाही. ज्वेल बगची चमक निराळी. त्याच्या कवचात अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि रंग तयार होतो तो त्या थरांवरून परतणाऱ्या लहरींच्या मेळातून. कोकणात वाढलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. मोगली एरंडाचं पान मोडायचं, देठाच्या चिकाचा पडदा धरायचा आणि फुंकर मारून फुगे सोडायचे, हे आम्ही सगळ्यांनी केलंय. त्या फुग्यावर फिरणारे रंग आणि त्याच झाडावर बसलेल्या या किड्याचा हिरवा-निळा, दोन्ही एकाच जातकुळीचे. असा रंग आरशासारखा वागतो. पाठीच्या ज्या भागातून दिव्याचं प्रतिबिंब कॅमेऱ्याकडे परततं तिथेच तो दिसतो, बाकी पाठ काळी.

थोडक्यात, या किड्याच्या फोटोत आपण बघतो ते दिव्याचं प्रतिबिंबच. मग दिवा केवढा, कुठल्या आकाराचा आणि किती स्वच्छ, यावर सगळं ठरतं.

मापं काढली. फ्लॅशची काच सुमारे 5 सेंटिमीटर रुंद आणि किड्यापासून 33 सेंटिमीटरवर. किड्याच्या जागेवरून पाहिलं तर तो दिवा जेमतेम 9 अंशांचा. पाठ अर्धगोल नळीसारखी धरली तर एवढ्या दिव्याचं प्रतिबिंब तिच्या दिसणाऱ्या रुंदीच्या 4 टक्के भागात मावतं. सगळा प्रकाश त्या चिंचोळ्या पट्टीत कोंबला गेल्यावर ती जळणार नाही तर काय होईल? शिवाय फ्लॅश वर, किडा सरळ, म्हणून पट्टी नेमकी पाठीच्या मध्यावर. भाच्याला जी जागा बघायची होती तीच.

आता 20 सेंटिमीटर रुंदीचा पांढरा पडदा किड्यापासून 11 सेंटिमीटरवर आणला तर तो 85 अंशांचा दिवा होतो आणि पाठीच्या रुंदीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग भरतो. तेवढाच प्रकाश एवढ्या जागेत पसरल्यावर काही जळत नाही आणि रंग दिसायला लागतो. कागदावरचं गणित इथे संपलं. वईजवळचं पुढे तीन सकाळी चाललं.

पहिल्या सकाळी सोपा उपाय केला. फ्लॅशबरोबर मिळालेली पांढरी प्लास्टिकची टोपी चढवली. फरक काही पडला नाही, प्रकाश मात्र खाल्ला. ही टोपी घरात चालते, कारण ती प्रकाश चारी बाजूंना फेकते आणि भिंती, छत तो परत पाठवतात. वईजवळ भिंती कुठून आणणार? दिवा 5 सेंटिमीटरचा होता तो 7-8 सेंटिमीटरचा झाला, तोही तितकाच लांब. पांढरं प्लास्टिक लावलं की प्रकाश मऊ होतो ही समजूत इतकी पक्की बसलेली असते की दुकानदारही तेच सांगतात. प्लास्टिक प्रकाश विखुरतं हे खरं, पण मऊपणा येतो तो किड्याला दिवा मोठा दिसल्यामुळे.

त्याच सकाळी घरी जाऊन दुसरा प्रयोग केला. ए4 ट्रेसिंग पेपर फ्लॅशच्या तोंडापुढे दोन बोटांवर चिकटपट्टीने लावला. कागद मोठा, म्हणजे दिवा मोठा, असं वाटलं होतं. फोटोत पाठीवर फिकट चौकोन आला आणि त्याच्या मध्यभागी पुन्हा तोच जळका डाग. कागद फ्लॅशला चिकटून असल्यामुळे मधला भाग झगझगत होता आणि कडा अंधारात. म्हणजे कागद ए4, पण दिवा मुठीएवढाच.

इथे एक गोष्ट कळली, जी मी आधी कुठे वाचली असती तर दोन दिवस वाचले असते. डिफ्यूझर, म्हणजे प्रकाश पसरवणारा पडदा, कसा झालाय हे तपासायला किडा लागत नाही. स्टीलची वाटी पालथी घालायची आणि तिचा फोटो काढायचा. वाटीच्या बुडावर डिफ्यूझर जसा दिसतो तसाच तो किड्याच्या पाठीवर दिसणार. मधला डाग, कागदाची कड, चिकटपट्टी, सगळं त्यात येतं. नंतरची सगळी सुतारकी मी ओसरीवर वाटीसमोर केली.

काकी दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा तिने विचारलं, "ह्या छत्रीन पाऊस तरी अडतलो काय?"

छत्री हे नाव तिथून पडलं, आणि आकारही साधारण तसाच झाला होता. रचना अशी: फ्लॅशचं डोकं पुढे वाकवलेलं. त्याला पुठ्ठ्याचा पुढे रुंद होत जाणारा नळा, आतून वेफर्सच्या पाकिटाची चंदेरी बाजू लावलेली. नळ्यात फ्लॅशपासून चार बोटांवर पहिला पडदा, दुधी प्लास्टिकचा. त्यापुढे आणखी सहा-सात सेंटिमीटर मोकळी जागा आणि मग बाहेरचा मोठा पडदा, लेन्सच्या तोंडाच्या चार सेंटिमीटर पुढे येणारा, वरून आणि दोन्ही बाजूंनी किड्याकडे वाकलेला. पहिला पडदा प्रकाश पसरवतो, मधली मोकळी जागा त्याला मोठ्या पडद्याच्या कडांपर्यंत जाऊ देते, आणि मोठा पडदा सगळीकडे सारखा उजळतो. मधल्या जागेकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि मधला जळका डाग तिथूनच येतो.

वाटीत चित्र छान आलं. दुसऱ्या सकाळी वईवर गेलो आणि पावसाने माझी परीक्षा घेतली. बाहेरचा पडदा अजून ट्रेसिंग पेपरचाच होता. दोन सरी आल्या आणि कागद पापडासारखा वाकडातिकडा झाला. घरी फोटो मोठे करून पाहिले तर किड्याच्या हिरव्या पाठीवर बारीक लाटा. क्षणभर वाटलं, ढालीवरच सुरकुत्या आहेत, ही काही खास खूण असावी. मग वाटीचा फोटो काढला. वाटीवरही त्याच सुरकुत्या. कागद काढून टाकला आणि फ्रिजच्या खोक्यातून निघालेला पांढरा फोम, तो पातळ पानासारखा येतो तो, दुधी रंगाच्या फाइल कव्हरवर ताणून बसवला. हा भिजत नाही आणि पुसता येतो. कोकणात श्रावणात काम करायचं तर कागद घरी ठेवावा, असं माझं मत झालंय.

दुसरी अडचण किड्याची. ज्वेल बगला सावली पडलेली कळते. तुम्ही डावीकडून गेलात की तो फळाच्या उजव्या बाजूला सरकतो, तुम्ही फिरलात की तोही फिरतो. आणि छत्रीची कड पानाला लागली की पाय सोडून खाली गवतात. पहिले तीन किडे मी असेच घालवले. डिफ्यूझर जितका मोठा तितका फोटो चांगला, हे स्टुडिओत खरं. झाडाझुडपात प्रत्येक सेंटिमीटर पानाला लागतो. 28 सेंटिमीटरचा पडदा कापून 20 वर आणला तो यासाठी, वाटीत तो थोडा कमी चांगला दिसत असूनही.

मग मागे सरकावं का? 1:2 वर, म्हणजे निम्म्या आकारावर, आलं तर फोकसची जाडी अडीच मिलिमीटरपर्यंत जाते, मोह होतोच. चौकटीत 47 मिमी जागा मावते आणि 13 मिमीच्या किड्याला तरीही पंधराशे पिक्सेल मिळतात, ओळखीला पुरेसे. पण लेन्स दहा-एक सेंटिमीटर मागे गेली की छत्रीही तिच्याबरोबर मागे जाते. 85 अंशांचा दिवा 50 अंशांचा होतो, पाठीवरचा रंगीत भाग आक्रसतो आणि कडा पुन्हा काळ्या पडतात. इथे फोकसची जाडी आणि रंग यांत एकाची निवड करावी लागते. मी 1:1 जवळच राहिलो. मला सगळा किडा नको होता, पाठीवरची मधली रेघ हवी होती. सेन्सर पाठीला समांतर धरला, तीन फोटो थोड्या थोड्या फोकसच्या अंतराने काढले आणि घरी एकत्र जुळवले.

हे जमलं ते तिसऱ्या सकाळी, सहा वाजता. रात्रभर पाऊस पडून गेला होता, गारवा होता आणि किडे फळांवर सुस्त होते. गडग्यावर, म्हणजे दगडी बांधावर, कोपर टेकवला, श्वास धरला. किडा फळात सोंड खुपसून बसलेला, हलायचं नावच नाही. काही लोक किड्यांना फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करतात. पहाटे उठलं की त्याची गरज पडत नाही, आणि किडा ज्या झाडावर जे करत असतो ते करतानाच दिसतो.

दोन पडद्यांनी प्रकाशाचे दोन स्टॉप खाल्ले, म्हणजे चौथा हिस्साच उरला, म्हणून फ्लॅश 1/32 वरून 1/8 वर न्यावा लागला. ताकद वाढली की फ्लॅशचा झगमगाट जास्त वेळ टिकतो. निकॉनच्या पुस्तिकेप्रमाणे एसबी-700 चा 1/32 ला 1/18,182 सेकंद आणि 1/8 ला 1/5,714. हात आणि वारा गोठवायला दुसराही आकडा पुरतो. 1/2 वर गेलो असतो तर तो 1/1,136 झाला असता आणि हलकी झुळूकही फोटोत उतरली असती. त्यामुळे डिफ्यूझरचा कागद निवडताना तो किती प्रकाश खातो हेही बघावं. जाड पांढरा प्लास्टिकचा डबा कापून लावणारे भेटतात. त्यांचा प्रकाश सुंदर पसरतो आणि फोटो हललेले असतात.

फ्लॅश मॅन्युअलवर ठेवला होता. टीटीएल, म्हणजे कॅमेरा स्वतः फ्लॅशची ताकद ठरवतो तो प्रकार, काळ्या-चकचकीत पाठीवर फसतो, कधी काळं बघून प्रकाश वाढवतो, कधी चमक बघून कमी करतो. एकाच मोठेपणावर काम करताना किडा आणि छत्री यांतलं अंतर ठरलेलंच असतं, मग दर फोटोला नव्याने मोजायचं कशाला?

मागचा अंधार घालवायला फार काही केलं नाही. फ्लॅशचा प्रकाश हातभर मागे पोचेपर्यंत विरून जातो आणि फोटो मध्यरात्रीचा वाटतो. त्याच एरंडाचं एक रुंद पान किड्यामागे चार बोटांवर आणून काडीने अडकवलं, झालं.

खालची बाजू मात्र अडून बसली. छत्री वरून येते, पोट आणि पाय काळोखात. फळाखाली काहीतरी पांढरं धरायला हवं होतं. घरातून एक लग्नपत्रिका आणली, तिची कोरी बाजू वर करून फळाच्या खाली धरली. पत्रिकेने परतवलेल्या प्रकाशात पाय सुटे दिसले, आणि फळात घुसलेली सोंडही. भुंगेऱ्याला चावायचे जबडे असतात, शोषायची सोंड ढेकणाची. पाठीवरच्या रेघेचा प्रश्न सुटायच्या आत पोटाखालून अर्धं उत्तर मिळालं होतं.

मध्येच एका मित्राने क्रॉस पोलरायझेशन सुचवलं होतं: फ्लॅशवर एक पोलरायझिंग फिल्म, लेन्सवर आडवा फिल्टर, चमक गायब. लाल ढेकणावर ते झकास चाललं, पांढरे टिपके पुसले गेले आणि लाल आणखी गडद झाला. ज्वेल बगवर लावलं आणि किडा विझला. तपकिरी-काळा, शोभा नाही. ज्याला आपण चमक म्हणून पुसतो तोच त्याचा रंग, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारा दुसरा प्रयोग मला सापडला नाही.

तिसऱ्या सकाळचे तीन जुळवलेले फोटो भाच्याला पाठवले. पाठ आता छातीपासून शेवटापर्यंत हिरवी-निळी, कडेला जांभळट, आणि मध्यावर शिवण नव्हती. ढाल अखंड. मोगली एरंडावर भारतात या कुळातले स्क्युटेलेरा आणि क्रायसोकोरिस या वंशांचे किडे नेहमी नोंदले जातात. त्यातला नेमका कोणता हे ठरवायला भाचा ठिपके मोजायला बसला. दहा मिनिटांनी फोन.

"मामा, ठिपके जुळत नाहीत. डाव्या-उजव्या बाजूला जोड्या आहेत, पण मध्ये एक जास्तीचा आहे. गोल, अगदी काळा."

मी तिन्ही सुटे फोटो उघडले. पहिल्यात तो जास्तीचा ठिपका छातीकडे होता, दुसऱ्यात जरा मागे, तिसऱ्यात आणखी मागे. बाकीचे ठिपके आपापल्या जागी. पालथी वाटी आणली, छत्रीखाली ठेवून फोटो काढला. पांढऱ्या चमकत्या पडद्याच्या खाली, जिथे छत्री उघडी असते तिथे, तोच काळा गोल. आठ सेंटिमीटर रुंदीचं लेन्सचं तोंड, किड्याच्या पाठीवर मिलिमीटरभर होऊन बसलेलं.

"तो मोजू नकोस," मी म्हटलं. "तो मी आहे."